वरोशा: सेहेचाळीस वर्षं कुलूपबंद राहिलेला किनारा

नेहमीप्रमाणे हे भागाचं लिखित रूप, थोडं सावरून घेतलेलं. बोलताना जे 'अं', 'म्हणजे' येतं ते बरंचसं काढलंय, सगळं काढलेलं नाही.

फोन हातात आहेच, तर एक काम करा. मॅप उघडा आणि सायप्रस शोधा. भूमध्य समुद्रात सिसिली आणि सार्डिनिया यांच्यानंतरचं तिसरं मोठं बेट. पार पूर्वेकडे, तुर्कस्तानच्या खाली आणि सीरिया-लेबनॉनच्या समोर. आता बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर फामागुस्ता नावाचं शहर आहे, तिथे झूम करा आणि सॅटेलाइट व्ह्यू लावा. सोनेरी वाळूचा एक लांबलचक पट्टा दिसेल. त्याला अगदी चिकटून उंच हॉटेलांची रांग, मागे गल्ल्या, घरं, गच्च्या. चांगलं भरलेलं शहर वाटतं. आणखी झूम केलं की गंमत कळते. रस्त्यांत झाडं आहेत. रस्त्याच्या कडेला लावलेली नाही म्हणत मी, रस्त्यातच उगवलेली.

या भागाचं नाव वरोशा. 'घोस्ट टाउन बीच' म्हणून याचे रील तुम्ही पाहिले असतील. निळं पाणी, समोर टॉवेल टाकून पडलेले लोक आणि पाठीमागे काचा नसलेली, गंजलेली दहा-दहा मजली हॉटेलं. खाली कॅप्शन असतं, 'अबॅन्डन्ड'. म्हणजे टाकून दिलेलं. हा शब्द मला खटकतो, आणि आजचा सगळा भाग खरं तर त्या एका शब्दाशी भांडण आहे. कारण हे गाव कोणी टाकून दिलं नव्हतं. लोक दोन-चार दिवसांसाठी बाहेर पडले होते आणि मग ते गाव मुद्दाम, ठरवून, पहारा लावून रिकामं ठेवलं गेलं. किनाऱ्यासकट.

थोडं मागे जाऊ. फार मागे, १५७१ मध्ये.

तेव्हा फामागुस्ता व्हेनिसच्या ताब्यात होतं. भक्कम तटबंदी, खंदक, बंदर. ऑटोमन फौजेने वेढा घातला आणि तो जवळजवळ अकरा महिने चालला. शेवटी ऑगस्ट १५७१ मध्ये व्हेनिसचा सेनापती मार्कान्तोनियो ब्रागादिन शरण आला. शरणागतीच्या अटी ठरल्या होत्या, पण पुढे बिनसलं आणि लाला मुस्तफा पाशाने त्याची जिवंतपणी कातडी सोलली. शहरातलं सेंट निकोलसचं मोठं कॅथेड्रल मशीद झालं. ते आजही लाला मुस्तफा पाशाच्याच नावाने उभं आहे. नव्या राज्यात ख्रिश्चनांना तटाच्या आत राहायची परवानगी उरली नाही. मग ग्रीक भाषक लोक वेशीबाहेर, दक्षिणेला जाऊन राहिले. तिथे विहिरी होत्या, बागा करता येत होत्या. 'वरोशा' या नावाचा अर्थच मुळी तटाबाहेरची वस्ती. आपल्याकडे किल्ल्याखाली पेठ वसते, तसं समजा.

पुढची तीनशे वर्षं पटकन उडी मारतो. १८७८ मध्ये बेट ब्रिटिशांच्या हाती आलं. तटाच्या आत मुख्यतः तुर्की वस्ती, बाहेर वरोशात ग्रीक, आणि वरोशाच्या मागे संत्र्यांच्या बागा. समुद्राकडच्या वाळूला कोणी फारसं विचारत नव्हतं, कारण वाळूत संत्री येत नाहीत.

१६ ऑगस्ट १९६० ला सायप्रस स्वतंत्र झालं. आणि इथे जरा लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. बेटावर बहुसंख्य लोक ग्रीक भाषक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, आणि सुमारे १८ टक्के तुर्की भाषक मुसलमान. ग्रीक सायप्रियटांमधल्या अनेकांना स्वातंत्र्य नको होतं, त्यांना ग्रीसमध्ये विलीन व्हायचं होतं. तुर्की सायप्रियटांच्या नेत्यांना बेटाची फाळणी हवी होती. म्हणजे जो देश जन्माला आला तो दोघांचीही दुसऱ्या नंबरची निवड होता. वर ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान हे तीन 'हमीदार' देश. काही गडबड झाली तर यांना हस्तक्षेपाचा हक्क. ब्रिटनने स्वतःचे दोन लष्करी तळही ठेवून घेतले, ते आजही आहेत.

गडबड व्हायला तीनच वर्षं लागली. डिसेंबर १९६३ मध्ये दंगली पेटल्या. राजधानी निकोसियात एका ब्रिटिश जनरलने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली, तीच ती 'ग्रीन लाइन'. सुमारे २५,००० तुर्की सायप्रियट आपली गावं सोडून छोट्या-छोट्या कोंडलेल्या वस्त्यांत गेले. फामागुस्ताचा तटाच्या आतला भाग त्यातलाच एक. मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे पहिले कमांडर भारतीय होते, जनरल ग्यानी. त्यांच्यानंतर जनरल थिमय्या, जे डिसेंबर १९६५ मध्ये तिथेच, सायप्रसमध्ये वारले. तिथल्या सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. तिसरे भारतीय कमांडर जनरल दिवाण प्रेमचंद. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आता या सगळ्या तणावात तटाबाहेर काय चाललं होतं? पार्टी चालली होती. खरंच. साठच्या दशकात युरोपातून स्वस्त विमानं सुरू झाली आणि ज्या वाळूला कोणी विचारत नव्हतं ती अचानक सोन्याच्या भावाची झाली. वरोशाच्या किनाऱ्यावर हॉटेलांमागून हॉटेलं उभी राहिली. किनाऱ्याला समांतर रस्त्याला केनेडींचं नाव. आर्गो नावाचं हॉटेल एलिझाबेथ टेलरचं आवडतं होतं म्हणतात. ब्रिजिट बार्दो, रिचर्ड बर्टन यांची नावंही सांगतात. सिनेनटांच्या या यादीवर मी स्वतः फार वेळ घालवत नाही, कारण प्रत्येक लेखात तीच चार नावं येतात. त्यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की तिथे सुमारे ३९,००० माणसं राहत होती. शिंपी, दंतवैद्य, शाळामास्तर, गाड्या विकणारे, फोटो स्टुडिओवाले. हॉटेलं समोर होती म्हणून फोटोत ती दिसतात. मागे अख्खं गाव होतं.

तर, १९७४.

तेव्हा ग्रीसमध्ये लष्करी हुकूमशाही होती. १५ जुलैला त्या राजवटीच्या पाठिंब्याने सायप्रसमध्ये बंड झालं, राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांना पळून जावं लागलं आणि निकोस सॅम्सन नावाच्या माणसाला खुर्चीवर बसवलं. सॅम्सनची ख्याती तुर्की सायप्रियटांविरुद्धच्या हिंसेची. माझं स्पष्ट मत सांगतो, इतका आत्मघातकी राजकीय निर्णय शोधून सापडणार नाही. तुर्कस्तानला हमीदार म्हणून हस्तक्षेपाचं कारण हवं होतं, ते यांनी ताटात वाढून दिलं. पाच दिवसांत, २० जुलैला, तुर्की सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरलं. कुठे उतरलं? तेही एका बीचवरच. किरेनियाच्या पश्चिमेला पेंतेमिली नावाचा किनारा, नावाचा अर्थ 'पाच मैल'. आज तिथे लोक पोहायला जातात आणि शेजारी लढाईचं स्मारक आहे.

आठवडाभरात अथेन्सची हुकूमशाही कोसळली, सॅम्सन गेला. म्हणजे हस्तक्षेपाचं मूळ कारण संपलं होतं. जिनिव्हात बोलणी सुरू झाली. निकोसियाच्या विमानतळासाठी लढाई होणार असं दिसताच दिवाण प्रेमचंद यांच्या शांतिसेनेने तो आपल्या ताब्यात घेतला. तो विमानतळ तेव्हापासून बंदच आहे, एक जुनं ट्रायडंट विमान अजून तिथे पडून आहे.

१४ ऑगस्टला बोलणी फिसकटली आणि त्याच पहाटे तुर्की सैन्याने दुसरा हल्ला सुरू केला. फामागुस्ताच्या जुन्या शहरात तुर्की सायप्रियट महिनाभर वेढ्यात अडकले होते, ग्रीक सायप्रियटांच्या नॅशनल गार्डने घातलेल्या. जो तट एकेकाळी व्हेनिसने ऑटोमनांना अडवायला बांधला, त्याच तटाच्या आड आता तुर्की कुटुंबं बॉम्बपासून लपली होती. त्याच १४ ऑगस्टला जवळच्या तीन खेड्यांत ग्रीक सायप्रियट बंदूकधाऱ्यांनी शंभराहून जास्त तुर्की सायप्रियट मारले, त्यांत बायका आणि लहान मुलं होती. त्यातल्या एका गावाचं नाव मराथा. आपल्याशी त्या नावाचा काही संबंध नाही, पण वाचताना डोळा थांबतोच. ही हकिगत मी मुद्दाम सांगतोय. वरोशाची गोष्ट सांगताना फक्त एकच बाजू रडते असं चित्र उभं राहतं, आणि ते खरं नाही.

वरोशावर तुर्की विमानं येऊन बॉम्ब टाकून गेली होती. १४ आणि १५ ऑगस्टला लोक निघाले. कोणी गाडीत, कोणी ट्रॅक्टरवर, जवळच्या डेरिनिया गावाकडे आणि ब्रिटिश तळाकडे. बहुतेकांची समजूत अशी की लढाई थांबली की दोन-चार दिवसांत परत. म्हणून घराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. १६ ऑगस्टला युद्धविराम झाला. तोवर बेटाचा ३६-३७ टक्के भाग तुर्की सैन्याकडे गेला होता, वरोशासकट.

बाकीच्या उत्तर भागात काय झालं ते सरळ आहे, सरळ म्हणजे दुःखद पण समजण्यासारखं. दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रियट दक्षिणेला आले, त्यानंतर चाळीस-पन्नास हजार तुर्की सायप्रियट उत्तरेला गेले आणि एकमेकांच्या घरांत राहू लागले. फाळणीच्या कथा ऐकलेल्या माणसाला हे नवीन नाही. पण वरोशात कोणालाच राहू दिलं नाही. तुर्की सैन्याने भोवती काटेरी तार घातली आणि फलक लावले, आत यायला बंदी, फोटो काढायला बंदी. कुंपण किनाऱ्यावरून थेट पाण्यात नेलं.

का? कारण वरोशा ही वाटाघाटीच्या टेबलावरची सगळ्यात मौल्यवान वस्तू होती. लोक वसवले की ती वस्तू खर्च होते. रिकामी ठेवली की 'हे देतो, बदल्यात ते द्या' म्हणता येतं. ३९,००० लोकांचं गाव ओलीस. १९७९ मध्ये दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी दहा कलमी करार केला, त्यात वरोशाच्या पुनर्वसनाला प्राधान्य द्यायचं लिहिलं. काही झालं नाही. १९८३ मध्ये उत्तरेने स्वतःला स्वतंत्र देश जाहीर केलं, ज्याला आजवर फक्त तुर्कस्तानची मान्यता आहे. मे १९८४ मध्ये सुरक्षा परिषदेचा ५५० क्रमांकाचा ठराव आला: वरोशात मूळ रहिवाशांखेरीज कोणाला वसवणं मान्य नाही, आणि हा भाग संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाकडे द्या. दिला नाही.

आमच्या क्षेत्रात याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोसेस, प्रत्येकीने एक-एक गोष्ट धरून ठेवलेली, आणि प्रत्येक जण दुसऱ्याने सोडायची वाट बघतोय. फरक इतकाच की सर्व्हर रीस्टार्ट करता येतो.

एकदा मात्र सुटता-सुटता राहिलं. २४ एप्रिल २००४ ला संयुक्त राष्ट्रांच्या कोफी अन्नान योजनेवर दोन्हीकडे सार्वमत झालं. योजनेत वरोशा मूळ रहिवाशांना परत मिळणार होतं. तुर्की सायप्रियटांपैकी ६५ टक्के 'हो' म्हणाले. ग्रीक सायप्रियटांपैकी ७६ टक्के 'नाही'. त्यांची कारणं होती: तुर्की सैन्य पूर्ण जाणार नव्हतं, सगळ्यांना सगळी घरं मिळणार नव्हती, हमीदार देश तसेच राहणार होते. आणि आठवड्याभरात, १ मे रोजी, दक्षिण सायप्रस युरोपियन युनियनमध्ये जाणारच होता, मग घाई कशाला. कारणं समजतात मला. पण वरोशाच्या माणसाच्या जागी उभं राहिलं की हा निकाल फार कडू लागतो.

इकडे किनाऱ्यावर काय चाललं होतं? झीज. यात थोडं रसायनशास्त्र आहे आणि ते मला आवडतं, तर दोन मिनिटं सहन करा. आरसीसी बांधकामात लोखंडाच्या सळ्या काँक्रीटच्या आत सुरक्षित असतात, कारण ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि सळीवर एक पातळ संरक्षक थर टिकवतं. समुद्राच्या वाऱ्यातून मीठ येतं, त्यातला क्लोराइड हळूहळू आत झिरपतो आणि तो थर फोडतो. सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुगून तडकतं, आणि तडा गेला की मीठ आणखी वेगाने आत. मुंबईत समुद्रालगतच्या जुन्या इमारतींत स्लॅबचे पोपडे पडतात ते यामुळेच, फक्त तिथे कोणीतरी सोसायटीची मीटिंग बोलावून दुरुस्ती करतं. वरोशात ४६ वर्षं कोणी काही केलं नाही. म्हणून कुलूप उघडलं तरी त्या हॉटेलांत परत राहता येईल अशी फारशी शक्यता नाही. ॲलन वाइझमन यांच्या 'द वर्ल्ड विदाउट अस' या २००७ च्या पुस्तकात वरोशावर प्रकरण आहे ते याचसाठी, माणूस गेला की शहराचं काय होतं याचा इतका स्वच्छ नमुना जगात कमी.

पर्यटक मात्र थांबत नाहीत. वरोशा गेल्यावर दक्षिणेने काही किलोमीटर खाली नवीन किनारे उभे केले. आयिया नापा तेव्हा मठ असलेलं लहान मच्छीमार गाव होतं. आज तिथल्या निसी बीचवर उन्हाळ्यात टॉवेल टाकायला जागा नसते. आयिया नापा आणि प्रोटारासच्या चमकदार पॅकेज टूरची सुरुवात त्या कुंपणापासून होते, हे ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं. आणि डेरिनियात लोक गच्चीवर दुर्बिणी लावून बसले. कॉफी प्या आणि दुर्बिणीतून आपलं घर शोधा.

२००३ मध्ये उत्तर-दक्षिण ये-जा सुरू झाली, तेव्हा बाकी निर्वासितांना निदान आपल्या घराचं दार ठोठावता आलं. आत दुसरं कोणी राहत असे; कधी चहा मिळाला, कधी दार लागलं. वरोशावाल्यांना तेही नाही. ते कुंपणापर्यंत जाऊन परत आले.

मग ८ ऑक्टोबर २०२०. उत्तर सायप्रसच्या निवडणुकीच्या फक्त तीन दिवस आधी वरोशाच्या किनाऱ्याचा काही भाग आणि एक-दोन रस्ते अचानक खुले केले. घोषणा अंकारात झाली, एर्दोआन आणि त्यांच्या पसंतीचे उमेदवार एर्सिन तातार यांनी मिळून. तेव्हाचे अध्यक्ष मुस्तफा अकिंजी यांनी विरोध केला. (विषयांतर: हे अकिंजी पूर्वी निकोसियाच्या तुर्की भागाचे महापौर होते आणि ग्रीक भागाच्या महापौरांबरोबर त्यांनी दोन्ही भागांची मिळून एकच सांडपाणी योजना करून दाखवली होती. गटाराला ग्रीन लाइन कळत नाही.) निवडणूक तातार जिंकले. १५ नोव्हेंबरला एर्दोआन स्वतः वरोशात आले. त्यांनी या भेटीला 'पिकनिक' म्हटलं होतं आणि त्या शब्दावरून बऱ्याच तुर्की सायप्रियटांनीच निदर्शनं केली. जुलै २०२१ मध्ये आणखी ३.५ टक्के भाग नागरी वापरासाठी उघडायची घोषणा झाली, सुरक्षा परिषदेने निषेध केला, आणि झालं.

आता तिथे रस्ते नव्याने डांबरी केलेत, भाड्याने सायकली मिळतात. इमारतींत जायला मनाई आहे, दोऱ्या बांधल्यात. समुद्र मात्र खुला आहे. म्हणजे वरोशाचा जुना रहिवासी आज डेरिनियाच्या नाक्यावर पासपोर्ट दाखवून येऊ शकतो, आपल्याच गल्लीतून सायकल चालवू शकतो, आपल्या घरासमोर उभा राहू शकतो, आणि दोरी ओलांडली तर शिपाई शिट्टी मारणार.

घर परत मागायचं असेल तर? मिरा झेनिडेस-अरेस्टिस या वरोशाच्या घरमालकिणीने युरोपीय मानवी हक्क न्यायालयात तुर्कस्तानवर खटला भरला आणि डिसेंबर २००५ मध्ये जिंकला. त्यानंतर उत्तरेत मालमत्तांसाठी एक आयोग नेमला गेला आणि २०१० मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की आधी तिथे अर्ज करा. पेच असा की अर्ज करणं म्हणजे ज्या राजवटीला तुम्ही देश मानत नाही तिच्या दारात जाणं. दक्षिणेत यावर घराघरांत वाद आहेत, काही जण अर्ज करणाऱ्याला फितूर म्हणतात. आणि अर्ज केलाच तर समोर एव्काफ उभी, म्हणजे उत्तरेतली वक्फ संस्था. तिचा दावा असा की वरोशाची जमीन मुळात ऑटोमन काळातल्या वक्फची आहे, त्यात लाला मुस्तफा पाशाची वक्फही आली. हो, तोच तो, १५७१ वाला.

मग जावं का तिथे? माझं मत, जावं. न गेल्याने वरोशावाल्याचं काही भलं होत नाही. पण थेट उत्तरेच्या एर्जान विमानतळावर उतरून जाऊ नका, दक्षिणेचं सरकार त्याला बेकायदा प्रवेश मानतं आणि पुढे व्हिसाला त्रास होऊ शकतो. लार्नाकाला उतरा, डेरिनियात थांबा, दुर्बिणीतून आधी लांबून बघा आणि मग नाक्यातून चालत जा. जमलं तर तटाच्या आतल्या जुन्या फामागुस्तातही एक दुपार काढा, तिथल्या तुर्की म्हाताऱ्यांकडे १९७४ च्या उन्हाळ्याची वेगळी गोष्ट आहे. पोहायचं तर पोहा, पाणी खरंच सुंदर आहे. फक्त रील टाकलंत तर कॅप्शनमध्ये 'अबॅन्डन्ड' लिहू नका.

पुढच्या भागात याच बेटावर राहू, निकोसियाच्या त्या बंद विमानतळावर. प्रेमचंदांनी तो कसा ताब्यात घेतला ते सविस्तर सांगायचंय. भेटू.